गणसंख्येअभावी

मरणाला माणूस एकटाच सामोरा जातो. सगळ्या धर्मांनी हे सांगितलंय, आणि कॉलेजातल्या शोकसभांमधून मीही ते बऱ्यापैकी आवाज लावून सांगत आलोय. माझे भावोजी दत्तात्रय गायधनी मात्र चाळीसेक जणांच्या ग्रुपमधून सामोरे जायला निघाले होते, आणि ग्रुपला नियमावली नाही म्हणून वैतागले होते.

मला हे कळलं ते ताईच्या फोनवरून. मी तेव्हा संगमनेरला अर्थशास्त्र शिकवत होतो. शनिवारी सकाळी पेपर तपासत बसलो होतो.

"श्रीपाद, आज कॉलेज आहे का?"

"नाही. का गं?"

"मग नाशिकला ये. हे मरायचं म्हणतायत."

मी लाल पेन खाली ठेवलं. "भावोजी? तुला म्हणाले?"

"मला कशाला म्हणतील, मी बायको आहे. फोनमधल्या लोकांना म्हणतायत. तुला पाठवलंय, बघ."

पाठवलेला फोटो शरयू सोसायटीच्या ग्रुपचा होता. ताई आणि भावोजी जिथे राहतात ती ही इमारत. भावोजींनी तिथे एक नोटीस टाकली होती:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या गटाची तहकूब विशेष सभा उद्या रविवार रोजी सकाळी ११ वाजता याच ठिकाणी भरेल. विषय : सभासद 'निळी चिमणी' यांनी जीवन संपविण्याचा जो मनोदय व्यक्त केला आहे, त्यावर विचार करणे. मागील सभा गणसंख्येअभावी तहकूब करण्यात आली होती. सभेत चर्चा होईपर्यंत कोणाही सभासदाने परस्पर निर्णय घेऊ नये. आपला, द. वा. गायधनी, सदनिका ७, शरयू सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक." त्याखाली घरचा दूरध्वनी क्रमांक आणि 'संपर्काची वेळ सकाळी १० ते १२'.

नोटीस उघडच दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपची होती आणि चुकून इथे पडली होती. इमारतीतल्या अकरा जणांनी तिला अंगठा दाखवून संमती दिली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या जोगदंडांनी लिहिलं होतं, "आमच्या बाथरूमच्या गळतीचा विषय आधी घ्यावा." नव्या सेक्रेटरींनी लिहिलं होतं, "काका, आता नोटीस काढण्याचा अधिकार आपल्याला नाही." त्याखाली कोणीतरी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. वाचली कोणीच नव्हती. ताईनं वाचली होती, कारण ती भावोजींच्या नोटिसा शुद्धलेखनाच्या चुका काढण्यासाठी गेली कित्येक वर्षं वाचत आली होती.

दुपारी मी पोहोचलो तेव्हा भावोजी हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस एकोणीस वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होता. त्याआधीच्या एप्रिलमध्ये तरुण मंडळींनी पॅनल उभं केलं, मेंटेनन्स मोबाइलवरून भरता येईल असं सांगितलं आणि भावोजींना पाडलं. ऑफिसची किल्ली त्यांनी त्याच संध्याकाळी रीतसर पोच घेऊन दिली. तेव्हापासून ते पेपर उघडत नव्हते, दाढी एक दिवसाआड करत होते आणि विचारलं की "ठीक आहे" म्हणत होते. मी त्यावर चार विनोद केले होते. ताईनं व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या होत्या.

"तू का आलास?" ते म्हणाले.

"तुमची नोटीस मिळाली."

"ती चुकून गेली. दोन्ही गट वरखाली असतात."

"भावोजी, तो दुसरा गट कसला आहे?"

"मन न लागणाऱ्यांचा."

"मरायला निघालेल्यांचा," ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "नीट सांगा ना. आणि माझ्या भावाला चहा हवाय का, ते विचारा."

कोपऱ्यातला फोन वाजला. जुना, तबकडी जाऊन बटणं आलेला, पण वायरचाच. ताईनं उचलला, "नकोय आम्हाला कर्ज," म्हणाली आणि ठेवला. "ह्यावर एवढंच येतं. मी बंद करायचा अर्जसुद्धा दिलाय."

"माझा नंबर लोकांकडे आहे," भावोजी म्हणाले.

"कोणत्या लोकांकडे? लोकांनी तुम्हाला पाडलं."

मी मध्ये पडलो आणि भावोजींचा मोबाइल मागितला. त्यांनी दिला. लपवाछपवी त्यांना कधीच जमली नव्हती. सरकारी नोकरीत पुढे न जाण्याचं तेच कारण होतं.

ग्रुपचं नाव होतं 'शांत काठ'. तिथे कोणाला खरं नाव नव्हतं, नंबर दिसत नव्हता. मन लागत नाही तर काय करावं, असं भावोजींनी फोनला विचारलं होतं आणि दोन-चार ठिकाणं फिरवत फोननं त्यांना इथे आणून सोडलं होतं. त्यांचा पहिला संदेश होता, "सकाळी उठावंसं वाटत नाही. उठून करायचं काय हे कळत नाही." त्याला लगेच उत्तरं आली होती. "आम्ही समजू शकतो काका." "तुम्ही एकटे नाही." सहा महिन्यांत घरी, इमारतीत, फोनवर माझ्याकडून त्यांना न मिळालेलं सगळं तिथे चहा थंड होण्याआधी मिळालं होतं. वाचताना मला राग आला, आणि कोणाचा ते ठरवता येईना.

मग पुढचं वाचलं. ग्रुप चालवणारा कोणी 'सोबती' होता. भाषा लोण्यासारखी. "घरच्यांना सांगू नका, ते समजून घेणार नाहीत, फक्त अडवतील." "डॉक्टर गोळ्या देऊन गप्प करतात." कोणी म्हणालं की आज जरा बरं वाटतंय, तर सोबती लिही, "अशी आशा परत फसवते, जपून." मध्येच एक नाव बोलायचं थांबलं होतं. कोणीतरी लिहिलं होतं, "पोहोचला असेल." खाली फुलं. तो खरंच गेला, की कंटाळून निघून गेला, की घरच्यांनी फोन काढून घेतला, हे विचारायची कोणालाच गरज वाटली नव्हती.

आणि 'निळी चिमणी'. कुठल्याशा हॉस्टेलवर राहणारी कॉलेजची मुलगी. तिनं एक रविवार जाहीर केला होता. सोबतीनं लिहिलं होतं, "तुझा निर्णय. आम्ही सगळे सोबत आहोत. रविवार शांत असतो." त्याला अठ्ठावीस बदाम.

त्याखाली भावोजी: "हरकत. एवढ्या महत्त्वाच्या विषयावर पूर्वसूचना न देता निर्णय घेता येत नाही."

सोबती: "काका, हा भावनेचा विषय आहे."

भावोजी: "सभासदत्वाचा आहे. सभा बोलवावी."

निळी चिमणी: "हाहा. काका कोण आहेत हे."

त्या ग्रुपमध्ये हसणं तेवढं एकच होतं.

मग भावोजींनी सभा बोलावली होती. दोन-तृतीयांश गणसंख्या लागेल असं जाहीर केलं होतं. मरायच्या ग्रुपमध्ये ठरल्या वेळी दोन-तृतीयांश लोक कुठून येणार? सभा तहकूब झाली. पुढच्या रविवारी पुन्हा तहकूब. मुलगी दर वेळी यायची, "गणसंख्या झाली का काका?" विचारायची आणि भावोजी लिहायचे, "नाही. पुढील रविवारपर्यंत विषय प्रलंबित." असं चौथ्या रविवारपर्यंत आलं होतं. मधल्या दिवसांत ती त्यांना मेसमधल्या भाजीबद्दल सांगायची आणि ते तिला मेस कमिटी कशी नेमावी ते सांगायचे.

"भावोजी," मी म्हणालो, "ही पतपेढी आहे का? सरळ पोलिसांना का नाही कळवलंत?"

"नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. काय कळवू?"

"आणि दर वेळी तहकूब कसली? तुमच्या सोसायटीत गणसंख्या नसली की अर्धा तास थांबून तीच सभा घेता. तहकूब सभेला गणसंख्या लागतच नाही. मीच तुमच्याकडे चहा पिताना पाहिलंय."

भावोजींनी चष्मा काढला, पुसला. "ते तिला माहीत नाही," ते म्हणाले.

ताई चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. या माणसानं आयुष्यात कधी उपविधी वाकवला नव्हता. सख्ख्या साडूला पार्किंग दिलं नव्हतं.

मी पुन्हा फोनकडे पाहिलं. त्या दिवशी सकाळी भावोजींनी ग्रुपमध्ये विचारलं होतं, "श्री. सोबती, आपण स्वतः तीन वर्षांपासून 'लवकरच निघतो' असे सांगत आहात असे जुन्या संदेशांवरून दिसते. आपला विषय अद्याप प्रलंबित का, याचा खुलासा उद्याच्या सभेत करावा."

"हे विचारलंत?"

"विचारायला नको? अध्यक्ष बसून राहतो आणि सभासदांना पुढे पाठवतो. असं कुठे असतं?"

मी उत्तर आलंय का ते बघायला खाली सरकलो. उत्तर आलं नाही. पडद्यावर एक ओळ आली, की तुम्हाला या गटातून काढून टाकण्यात आलं आहे. मग ग्रुपच गेला. चिमणी, सोबती, तहकूब सभा, सगळं पुसून कोरं.

भावोजींनी फोन हातात घेतला, उलटासुलटा केला. "नोटीस न देता?" ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "उद्या सभा आहे. मी नसलो तर ती—"

दुपारचं उरलेलं मी सुशिक्षित माणसानं करावं ते सगळं केलं. पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं सभ्यपणे पेन उचललं.

"मुलीचं नाव?"

"निळी चिमणी."

त्यानं पेन खाली ठेवलं. "गाव?"

"माहीत नाही."

"कोणत्या जिल्ह्यातली, राज्यातली?"

"मराठीत लिहिते. मेसमध्ये दुधी भोपळा फार असतो."

हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं सायबर शाखेत पाठवलं. तिथल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, कंपनीला मेल धाडला आणि सांगितलं, कंपनी परदेशात आहे, उत्तर सोमवारनंतर. ॲपवर तक्रारीचं बटण होतं, ते मी दाबलं. "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार," असं उत्तर आलं. मी एक भाषण टाइप केलं, पण ते पाठवायला जागा नव्हती.

शेवटी मदतीच्या फोनसेवेवर फोन लावला. तिथली बाई दिवसभरात भेटलेली पहिली कामाची व्यक्ती निघाली. मुलीचं ऐकून तिनं पोलिसांना कळवलंय ना, विचारलं. मग म्हणाली, "आणि तुमचे भावोजी? ते त्या ग्रुपमध्ये कसे गेले?"

"त्यांना सभा घ्यायची सवय आहे."

"तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"काय?"

"मरावंसं वाटतं का, ते. सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर आधीच असतो. आणि एकटं सोडू नका. डॉक्टरांची वेळ घ्या."

मी हॉलमध्ये आलो. माझ्या पिढीत मेहुण्यानं भावोजींना विचारायचे प्रश्न म्हणजे तब्येत, गाडीचं ॲव्हरेज आणि आंबे कसे डझन. मी टीव्हीकडे बघत विचारलं, "भावोजी, तुम्हाला मरावंसं वाटतं का?"

"आता नाही. आता उद्याची काळजी आहे."

"आणि आधी?"

"आधी रोज सकाळी वाटायचं."

ताई ताटं मांडत होती. "सकाळी कधी? मी चहा देते तेव्हा?"

"चहानंतर."

"आणि चाळीस अनोळखी लोकांना सांगितलंत. मी इथे पोहे परतत होते. मला सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हणाली असतीस, काहीतरीच काय."

ताईनं तोंड उघडलं, मिटलं. तेच म्हणायला उघडलं होतं. मग ती त्यांच्या शेजारी बसली, सोफ्यावर, जिथे ती पाहुणे असताना कधी बसत नाही. "बरं, नाही म्हणत," ती म्हणाली. "सांगा." ते उठून गेले नाहीत. जेवणं थंड झाली आणि कोणीच कुरकुर केली नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी आम्ही तिघं हॉलमध्ये बसून होतो आणि कोणाकडे काही उपाय नव्हता. भावोजींनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. सभेला ते असेच जायचे. मी दुसऱ्या नावानं त्या ग्रुपात शिरायचा प्रयत्न करत होतो. दार बंद होतं.

कोपऱ्यातला फोन वाजला.

"कर्जवाले," ताई म्हणाली. "रविवारीसुद्धा."

भावोजींनी उचलला. "नमस्कार. गायधनी बोलतोय." मग सरळ बसले आणि माझ्याकडे बघून बोट वर केलं.

फोन जुना असल्यामुळे पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू येई. इतकी वर्षं ताईची हीसुद्धा एक तक्रार होती.

"काका, तुम्हाला काढलं ना त्यांनी. मग मला तुमची नोटीस आठवली. माझ्याकडे सेव्ह होती. खाली नंबर आहे, दहा ते बारा."

"बरोबर. नोटिशीखाली पत्ता नसेल तर ती ग्राह्य नसते."

"सगळ्यांनी नावं ठेवली होती तुम्हाला. इथे कोण खरा पत्ता देतं, म्हणून." मग ती म्हणाली, "काका, मी वाचलं. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. अर्ध्या तासानं घेता येते."

भावोजींनी वायर बोटाला गुंडाळली.

"कुठे वाचलंस?"

"नेटवर. उपविधी. तुम्ही मला चार आठवडे खोटं सांगितलंत."

"ते गृहनिर्माण संस्थांना लागू आहेत. आपला गट नोंदणीकृत नाही."

"मग गणसंख्येचा नियम तरी कुठला होता?"

मी हातवारे करून सुचवत होतो, काहीतरी सांगा, घटना, कलम, काहीही. एकोणीस वर्षं हा माणूस कलमाशिवाय बोलला नव्हता.

"नियम नव्हता," भावोजी म्हणाले. "तू थांबावीस असं मला वाटत होतं."

पलीकडे मागे कुठेतरी भांडी वाजत होती, मेसची असावीत.

"मग तसं लिहायचं ना, काका," ती म्हणाली. आवाज फुटला होता.

"मला तसं लिहिता येत नाही."

ताईनं रिसीव्हर त्यांच्या हातातून काढून घेतला. "मी काकू बोलतेय. नाव काय तुझं? खरं सांग, ते चिमणीबिमणी नको." ती केतकी निघाली, जळगावच्या हॉस्टेलवर. "खोलीत कोण आहे बरोबर? मैत्रीण? कुठे आहे? आंघोळीला? मग ती येईपर्यंत माझ्याशी बोल. नाश्ता केलास? का नाही केला? तुला जे वाटतंय ते ह्यांनाही वाटतं, रोज, चहानंतर. मला काल कळलं. उद्या आम्ही ह्यांना डॉक्टरकडे नेतोय, तुलाही कोणीतरी नेऊ दे. घरी कोणाला सांगू? आईला नको? मग कोण चालेल?"

मावशी चालणार होती. मी मोबाइलवरून मावशीला गाठलं. ती धुळ्याची होती आणि प्रश्न न विचारता निघाली. मैत्रीण आंघोळीहून आली, तिला फोनवर घेतलं. मावशी पोहोचेपर्यंत ताईनं त्या मुलीला फोन ठेवू दिला नाही. मधेच भावोजी ताईला म्हणाले, "विचार, आजच्या सभेचं काय करायचं?" पलीकडून उत्तर आलं, "तहकूब." भावोजींनी मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून घेतली.

याला आता आठ वर्षं झाली. भावोजी डॉक्टरकडे गेले, कुरकुरत गोळ्या घेत राहिले, डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये टोकन पद्धत नाही म्हणून दोनदा लेखी सूचना देऊन आले. केतकी जळगावलाच नोकरी करते, तिच्याही गोळ्या बरीच वर्षं चालू होत्या, आणि ती एकदा येऊन ताईच्या हातचं जेवून, भावोजींशी उपविधींवरून वाद घालून गेली. सोबती सापडला नाही. सायबरवाल्या बाईंनी तो ग्रुप बंद करवला, तर आठवड्याभरात त्याच नावानं दुसरा निघाला. तो त्यांनी पुन्हा बंद करवला.

कॉलेजात या प्रसंगावर मी एकदा बोललो. माणुसकीचा अदृश्य धागा वगैरे म्हणालो. घरी येऊन ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, धागा कसला, वायर होती. ती वायर तोडून न्यायचा अर्ज तिनं त्या प्रसंगाच्या वर्षभर आधी टेलिफोनच्या ऑफिसात दिला होता, आणि तो तिथे कोणी उघडलाच नव्हता.